अन्नाशीं पुन्हां सलोखा

श्रोतेहो, पस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. व्याकरण, अंकगणित आणि संयम हे माझे तीन विषय. पैकीं तिसरा विषय मीं माझ्याच घरांत चुकीचा शिकविला, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. मृगाचा पाऊस पडला कीं पऱ्हे टाकावयाचे, मग गुडघाभर चिखलांत रोवणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कापणीस लागावयाचें, असें आमचें वर्ष सरतें. भाताच्या वासांत वाढलेली मुलगी पुढें भाताच्या पानासच भिईल, असें कोणीं सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारीं नेलें असतें.

माझी नात सोळा वर्षांची. शिक्षणासाठीं ती नागपुरास वसतिगृहांत राही. स्नेहसंमेलनाच्या तालमींत कोणीतरी तिच्या अंगलटीवरून एक शब्द टाकला. तिनें आधीं गोड सोडलें, मग रात्रीचें जेवण आणि शेवटीं भात. सुटींत घरीं आली तेव्हां सोमवार, गुरुवार, एकादशी असे तिचे उपवास चालू होते. मीं तिची पाठ थोपटली. "जिभेवर ताबा असावा तर असा!" असें चार पाहुण्यांसमोर म्हणालों. पुढें ऐन दिवाळींत ती बोडीच्या पाळीवर चक्कर येऊन पडली.

तिला गोंदियास डॉक्टरांकडे नेलें. नाडी फार मंद चालत होती. पांच महिने मासिक पाळी बंद असल्याचें तिच्या आईस तेव्हांच प्रथम कळलें. या रोगास वैद्यकांत ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. हें नांव १८७३ सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनीं सुचविलें. त्याच वर्षीं पॅरिसच्या लासेग यांनींहि हाच विकार वर्णिला. नांवाचा अर्थ 'भूक नसणें' असा असला तरी तो फसवा आहे. भूक असते, रोगी तिच्याशीं रात्रंदिवस झगडत असतो. या झगड्यांत हाडें ठिसूळ होतात, हृदयाचा स्नायु झिजतो आणि प्राणहि जाऊं शकतो.

मी तिला उपदेश करूं लागलों. तेव्हां डॉक्टरांनीं मला थांबवून एका प्रयोगाची माहिती दिली. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें स्वेच्छेनें पुढें आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेविलें. त्यांचें वजन सुमारें एक-चतुर्थांश उतरलें. धडधाकट मनाचे ते तरुण उदास, चिडखोर आणि एकलकोंडे झाले. पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. पुढ्यांतलें थोडेंसें अन्न तासन्‌तास पुरवूं लागले. म्हणजे ज्यास आपण मुलीचा हट्ट म्हणतों त्यांतील पुष्कळसा भाग उपासमारीचाच परिणाम असतो. पोटांत अन्न गेल्यावांचून मन ताळ्यावर येत नाहीं. परंतु तेंहि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं आणि क्रमाक्रमानें. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरास एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तांतील क्षारांचें प्रमाण बिघडून जिवावर बेततें.

अन्न हेंच औषध असें ठरलें. पण तें घशाखालीं उतरावें कसें? ताट समोर आलें कीं तिचे हात थरथरत. आम्ही सारे भोंवतीं बसून म्हणत असूं, "एक घास आईसाठीं, एक आजोबांसाठीं." तिला तो पहारा वाटे. एके दिवशीं माझ्या पत्नीनें आम्हां सर्वांना बाहेर घालविलें आणि तिच्याजवळ बसून, रोवणीच्या वेळीं बायका म्हणतात तें एक गाणें ती गुणगुणूं लागली. ताटाकडे तिनें पाहिलेंहि नाहीं. लहानपणीं बांधीच्या धुऱ्यावर बसून नातीनें तेंच गाणें आजीच्या तोंडून ऐकलें होतें. त्या दिवशीं तिनें अर्धी वाटी पेज घेतली.

पुढें तो नेमच पडला. जेवण तीन गाण्यांचें. त्यानंतर आणखी दोन गाणीं बसूनच ऐकावयाचीं, कारण खाल्ल्याबरोबर उठून फेऱ्या मारण्याची ओढ त्याच वेळीं अनावर होई. गाण्यानें तिची भीति नाहींशी झाली नाहीं. परंतु गाण्याप्रमाणें भीतीलाहि शेवट असतो, हें तिच्या अनुभवास आलें.

संगीताचा महिमा याहून फुगवून सांगणें मात्र बरें नव्हे. कॅरन कारपेंटर या अमेरिकन गायिकेच्या शांत, खालच्या पट्टींतील आवाजानें जगभर लाखों लोकांना विसांवा दिला. या रोगानें शरीर खंगल्यावर ४ फेब्रुवारी १९८३ रोजीं हृदय बंद पडून ती वारली. वय अवघें ३२ वर्षांचें. इतरांना निववणारा स्वतःचाच आवाजहि तिला वांचवूं शकला नाहीं. उपचार हवेतच, आणि त्यांबरोबर रोग्यास स्वतःविषयीं थोडी माया वाटली पाहिजे.

आत्मप्रेम म्हटलें कीं आमच्या पिढीस त्यांत अहंकाराचा वास येतो. मलाहि येत असे. नातीच्या समुपदेशक बाईंनीं तिला एक वही दिली आणि दिवसभरांत ती स्वतःला जें जें बोलते तें तींत लिहावयास सांगितलें. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, "हें तूं तुझ्या मैत्रिणीला बोलशील का?" ती वही एकदां तिनें आपण होऊन मला दाखविली. पहिल्याच पानावर माझें वाक्य होतें: जिभेवर ताबा असावा तर असा. मीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मास्तर ना? मग तुम्हीच खोडा." माझ्या खिशांत लाल पेन्सिल होती. वाक्य खोडतांना माझा हात कांपला.

वजनकाटा आम्ही माळ्यावर टाकला. वजन डॉक्टरच पाहत, आणि तेंहि तिला कांट्यावर पाठमोरी उभी करून. सुधारणा होण्यास दीड वर्ष लागलें. मध्यें परीक्षेच्या महिन्यांत रोगानें पुन्हां डोकें वर काढलें, तेव्हां पहिल्यापासून सारा नेम सुरू केला. आज ती आमच्याबरोबर पानावर बसते. एखादा दिवस अजून जड जातो. त्या दिवशीं ती स्वतःच आजीला हांक मारते.

श्रोतेहो, घरांतलें मूल एकाएकीं उपवास वाढवूं लागलें, चारचौघांत जेवणें टाळूं लागलें किंवा पानांतलें अन्न लपवूं लागलें, तर त्याची स्तुति करूं नका आणि त्याला रागेंहि भरूं नका. मुलगा असला तरी दुर्लक्ष करूं नका. हा रोग मुलग्यांनाहि होतो. त्यास डॉक्टरांकडे न्या. कोठें जावें हें न सुचल्यास १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याहि वेळीं विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि जेवतांना त्याच्या शेजारीं बसा, पण त्याच्या पानाकडे पाहूं नका. एखादें जुनें गाणें येत असेल तर तें गुणगुणा. सूर चुकला तरी चालेल.