फेरेट किती पाळावेत?

ब्रिटन-अमेरिकेत फेरेट नावाचा लांबोडका, केसाळ प्राणी हौसेनं पाळतात. हा पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून दोन हजार वर्षांपूर्वीच तो माणसाळला, तो सशांना बिळातून हुसकावण्यासाठी. आता तो दिवाणखान्यात आलाय आणि प्रश्न पडतो, किती पाळायचे?

पोलकॅट एकलकोंडा, फेरेट मात्र बहुधा संगतीत रमतो. दिवसाचे चौदा-पंधरा तास तो झोपतो, तेही एकमेकांच्या अंगावर पसरून. जाग आली की कुस्तीला गडी हवाच! मालक दिवसभर कचेरीत असेल, तर एकट्या फेरेटचे हाल होतात. तेव्हा दोन हा आकडा बरा. मात्र वर्षानुवर्षं एकटाच राहिलेला फेरेट नव्या सोबत्याला फाडायलाही उठतो. त्याच्यावर जोडीदार लादू नये.

तिसऱ्याचा मोह आवरावा. प्रत्येकाला मांसाहार लागतो, डिस्टेंपर या रोगाची लस लागते. नसबंदी न केलेले नर उग्र वास मारतात, भांडतात. मादीचं तर आणखी नाजूक. माजावर आल्यावर नर मिळाला नाही, तर तिचा माज लवकर उतरत नाही आणि रक्तक्षयानं ती दगावू शकते. म्हणून पशुवैद्यांचा सल्ला वेळेत घ्यावाच लागतो.

आणि हो, तीस अंशांपलीकडचा उकाडा फेरेटला सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांसाठी योग्य आकडा एकच, शून्य.