हिवाळ्यातील वाडी आणि शाळेचा पट



आजच्या केंद्रसंमेलनात ‘हिवाळ्यातील वाडीची कामे’ या विषयावर मी बोलावे असे ठरले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी मला विचारले की, हा विषय कृषिखात्याचा की शिक्षणखात्याचा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या हजेरीपटात आहे. भाताची झोडणी आटोपली की मार्गशीर्षापासून माघापर्यंत कोकणातील कोणत्याही द्विशिक्षकी शाळेचा पट उघडून पाहावा. मूल सलग आठ दिवस गैरहजर आहे असे क्वचितच आढळते. एखादा सोमवार, एखादा गुरुवार, मधल्या सुटीनंतरचा अर्धा दिवस, अशी तुटक गैरहजेरी दिसते, आणि विचारणा केली असता ‘घरकाम’ एवढेच उत्तर मिळते. हे घरकाम म्हणजे नेमके काय, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. ती आज करावी, असा माझा विचार आहे.

‘वाडी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. वाडी म्हणजे घरांचा पुंजका, आणि वाडी म्हणजे राखलेली झाडे. दोन्ही अर्थ मुळात एकत्र नांदत होते. मुंबईत गिरगावात खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून तिला हे नाव पडले. लाकडी जिन्यांची आणि कौलारू छपरांची तेथील घरे पाहावयास आज लांबून लोक येतात. एके काळी तेथे अशी साठ-पासष्ट घरे होती. आता त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. तिच्या आसपासची नावे पाहा: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. ‘भाट’ म्हणजे बागायतीची जमीन. सिंधुदुर्गात व गोव्यात हा शब्द आजही त्याच अर्थाने बोलला जातो. फणसवाडीत फणस शोधावयास गेलेल्या माणसाच्या हाती आता काय लागेल, हे मी सांगावयास नको. झाडे गेली आणि त्यांची नावे तेवढी पाट्यांवर राहिली.

आपल्या गावात झाडे अजून आहेत. ती राखणारी माणसे मात्र त्याच गिरगावात, परळात आणि लालबागेत गेली. गिरण्या बंद पडल्या तरी हा ओघ थांबला नाही. तो ठाण्याकडे, पनवेलीकडे, पुण्याकडे वळला एवढेच. परिणामी दहा-वीस कलमे, चार माड, थोडी काजू आणि आठ-दहा कोंबड्या एवढ्या संसाराची हिवाळ्यातील जबाबदारी घरातील बाई, म्हातारी माणसे आणि आपले विद्यार्थी यांच्यावर येऊन पडते. आपल्या पटावरील तुटक गैरहजेरीचे मूळ येथे आहे.

याबाबत कायदा काय सांगतो तेही स्पष्ट असावे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाने कुटुंबाला मदत करावयाची ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, आणि तीही धोक्याच्या कामात नव्हे. तेव्हा फवारणीच्या दिवशी पंपाची नळी धरावयास मूल घरी ठेवले जात असेल, तर पालकांशी निक्षून बोलणे हे आपले कर्तव्य ठरते. विषारी औषधाची बाटली, तिची मापे व रिकामे डबे यांना मुलाचा हात लागता कामा नये. परंतु नुसते ‘शाळेत पाठवा’ असे सांगून पालक ऐकत नाहीत, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. वाडीची कामे ज्या गुरुजींना ठाऊक आहेत, त्यांचा शब्द तेथे अधिक मानला जातो. म्हणून आता प्रत्यक्ष कामांकडे वळतो.

हापूसचे झाड थंडीची वाट पाहत असते. पावसाळ्यानंतर आलेली पालवी जून व्हावी, रात्रीचे तापमान काही आठवडे वीस अंशांच्या खाली राहावे, जमिनीतील ओल ओसरावी, म्हणजे डोळे फुगून त्यांतून मोहोर निघतो. या काळात मोठ्या कलमांना पाणी घालण्याची घाई करू नये. पाण्याने मोहोराऐवजी पालवीच फुटते. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर पंधरा-पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे, अशी शिफारस आहे. दोन-तीन वर्षांच्या रोपांची गोष्ट निराळी. त्यांना आळे करून नियमित पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि पश्चिमेच्या उन्हाला आडोसा हवाच.

‘मळभ आले, मोहोर गेला’ असे गावात म्हणतात. हे म्हणणे निराधार नाही, पण अपुरे आहे. ढगाळ व दमट हवेत तुडतुडे वाढतात. ते कोवळ्या मोहोरातील रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. शिवाय भुरी व करपा हे रोग याच हवेत पसरतात. म्हणजे मळभ हे निमित्त असते. खाणारा निराळाच असतो. चौथीच्या मुलांना हा कार्यकारणभाव दाखविण्यासाठी शाळेशेजारचे एक झाड पुरेसे आहे. हाताला येतील अशा दहा डहाळ्यांना रंगीत दोरा बांधावा आणि दर सोमवारी नोंद ठेवावी: डोळा फुगला, मोहोर दिसला, फुले उमलली, मोहरीएवढे फळ, वाटाण्याएवढे फळ, सुपारीएवढे फळ, गळ. एका तुऱ्यावर शेकडोंनी फुले येतात आणि अखेरीस एखादे-दुसरे फळ टिकते, हे मुलाने स्वतः मोजले म्हणजे प्रमाण आणि शेकडेवारी यांचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. फुले पूर्ण उमलली असता फवारणी टाळतात, ती परागीकरण करणाऱ्या माश्या मरू नयेत म्हणून. आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा साध्या माश्याच अधिक हिंडतात, हेही मुले सहज पाहू शकतील.

माडाचे काम थोडे आहे. शेंडा साफ ठेवणे आणि गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढू न देणे एवढे केले तरी पुष्कळ. काजूच्या कोवळ्या मोहोरावर ढेकण्या येतो, त्यावर लक्ष असावे.

वणव्याविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे. पौषात गवत वाळते आणि पुढे भाजावळीची वेळ येते. कवळ, पालापाचोळा आणि गोवर पसरून भातरोपांची जागा भाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यातून सुटलेली ठिणगी, किंवा वाटसरूने टाकलेली विडी, पाच-सहा वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली काजूची बाग एका दुपारी राख करते. उपाय महाग नाही. वाडीच्या कडेने काही हात रुंदीचा पट्टा गवत कापून व झाडून मोकळा ठेवावा. कापलेले गवत जाळू नये. तेच कलमांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून उपयोगी पडते. गडग्याचे ढासळलेले दगड आणि मोडलेली वई याच दिवसांत सावरून घ्यावी, कारण भात निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात.

आता कोंबड्या. आंब्याचा पैसा वर्षातून एकदा येतो. पुष्कळ ठिकाणी तर मोहोरावरच बाग व्यापाऱ्याला दिलेली असते. अंड्याचा पैसा लहान असतो, पण तो घरातील बाईच्या हातात येतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या-पेन्सिली बहुधा त्यातून येतात. म्हणून कोंबडी मेली तर त्या घरी ती साधी गोष्ट नसते.

एका शाळेच्या भेटीत चौथीतील एका मुलीला मी विचारले, “काल का नव्हतीस, बाळ?” ती म्हणाली, “गुरुजी, खुडूक कोंबडीची पिल्लं निघायची होती. एकवीस दिवस भरले ना!” तिने दिवस बोटांवर मोजले होते, अंड्यांवर कोळशाने खुणा केल्या होत्या, बारांपैकी नऊ फुटली हेही तिने सांगितले. वर्गाच्या भिंतीवर मात्र कोंबडीच्या जीवनक्रमाचा छापील तक्ता लावलेला होता, आणि त्याविषयी तिला कोणी काही विचारले नव्हते. तक्त्याला माझा विरोध नाही. परंतु सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतापुढे अंडे धरले, तर आतील रक्तवाहिन्यांचे जाळे अख्ख्या वर्गाला दिसते. वांझ अंडे स्वच्छ दिसते. ही सोय खुडूक कोंबडी असलेल्या प्रत्येक वाडीत आहे, फक्त अंडी फार वेळ गार पडू देऊ नयेत.

हिवाळ्यात अंडी कमी का होतात, असे पालक विचारतात. अंडी घालण्यास कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड मानवतो. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे अकरा तासांचाच असतो. शिवाय याच सुमारास काहींची पिसे झडतात व नवी येतात. म्हणजे कोंबडीला कोणाची दृष्ट लागलेली नसते. खुराड्याचे तोंड सकाळचे ऊन आत येईल असे असावे. रात्री गोणपाटाचा पडदा सोडावा, पण वर हवेला फट ठेवावी, नाहीतर विष्ठेच्या उग्र वासाने पक्ष्यांना श्वासाचे विकार जडतात. एका कोपऱ्यात राख व कोरडी माती ठेवली म्हणजे कोंबड्या तीत लोळून पिसवा झटकतात. कलमांखाली हिंडणाऱ्या कोंबड्या कीटक वेचतात हे खरे, पण कोवळ्या रोपांचे आच्छादन त्या उकरून टाकतात. तेथे दगडांचे कडे घालावे. (रायगडाकडील मंडळी या दिवसांत पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्डीच्या पाल्यात अंडीही भाजतात, तेवढी तूट हिशेबात धरावी!)

खरा घात होतो तो मानमोडीने. या रोगास राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो १९२७ च्या सुमारास हिमालयातील त्या गावी प्रथम ओळखला गेला. हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणे, आणि चार-आठ दिवसांत खुराडे रिकामे. झाल्यावर उपचार नाही, लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असता डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी या लसीची सुई. सुईपूर्वी आठवडाभर जंतांचे औषध दिलेले बरे. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी, आणि मेलेली ओढ्यात न टाकता चुना घालून पुरावी. ओढ्यात टाकली की खालच्या वाडीला रोग पोचलाच म्हणून समजा.

लस असूनही कोंबड्या मरतात, याचे कारण पुष्कळदा बाटलीत सापडते. लशीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. ती बर्फावर आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. एका घरी कोंबड्या आठ. आठ कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार? पशुधन पर्यवेक्षकांना दोष देऊन भागत नाही. त्यांना एका सकाळी, एका जागी शंभर पक्षी मिळाले पाहिजेत. गावात ही जुळणी करू शकेल अशी एकच संस्था आहे, जिच्याकडे प्रत्येक घरातून रोज एक माणूस येतो. ती आपली शाळा.

काम असे करावे. मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिसरी-चौथीच्या मुलांकडून घरोघरची कोंबड्यांची गणना करवावी: मोठ्या किती, तलंगा किती, आठ आठवड्यांखालील पिल्ले किती. वाडीवार बेरीज फळ्यावर मांडावी. स्तंभालेखाचा पाठ त्यातच होईल. तो तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावा व तारीख मागून घ्यावी. तारीख आली की मुलांच्या वहीत एका ओळीची चिठ्ठी लिहून द्यावी: अमुक दिवशी सकाळी कोंबड्या सोडू नयेत. एकदा खुराड्याचे दार उघडले की त्या दिवशी शंभर कोंबड्या कोणाच्याही हाती लागणार नाहीत. म्हणून लसीकरण उजाडताना, सात वाजण्याच्या आत, वाडीच्या एका अंगणात ठेवावे. कोंबड्या डालीखाली झाकून आणाव्यात. हे काम साडेआठाला संपते आणि मुले परिपाठाला वेळेवर पोचतात. कोणत्या वाडीत किती कोंबड्यांना लस दिली आणि माघ संपेपर्यंत किती जगल्या, याची नोंद शाळेने ठेवावी. तो कागद पुढील केंद्रसंमेलनास प्रत्येकाने बरोबर आणावा, म्हणजे आपणास त्यावर बोलता येईल.