पाण्याच्या आकड्याला तारीख असते

(विद्यार्थी शिबिरातील भाषणाचा संपादित अंश)



पदवीनंतर पुढे काय, असा प्रश्न घेऊन तुम्ही इथे आलात. मी उपयोजित भूरसायनशास्त्र शिकले. प्रवेश घेतला तेव्हा अब्बांनी विचारलं होतं, "दगडं शिकून पोट भरतं का?" त्याचं उत्तर शेवटी देते. आधी विषय काय आहे ते सांगते.

खडक, माती आणि पाणी यांच्यात मूलद्रव्यं कुठून कुठे जातात, हे भूरसायनशास्त्र शोधतं. ते ज्ञान खनिजांचे साठे शोधायला, प्रदूषण तपासायला किंवा पिण्याचं पाणी पारखायला वापरलं, की ते उपयोजित झालं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या भूजलातलं फ्लोराइड हा विषय घेतला.

अभ्रक, ॲपेटाइट अशा खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी खडकात जितकं जास्त काळ राहतं, तितकं ते पाण्यात उतरत जातं. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट जास्त असेल, तर फ्लोराइड पाण्यातच राहतं. त्यामुळे खोल बोअरचं नितळ, चवीला चांगलं पाणीही घातक असू शकतं. मुलांच्या दातांवर डाग पडतात, वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आणि सांधे ताठरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

आता माझी चूक सांगते.

दिवाळीनंतर मी एका गावातल्या हातपंपाचं पाणी घेतलं. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत, कारण फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही. सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजली. प्रयोगशाळेत आकडा आला ०.९. पंपाशेजारी राहणाऱ्या मावशींनी विचारलं, "पोरी, मंग हे पाणी प्यावं का नाही?" मी म्हणाले, "प्या, चांगलं आहे." त्यांनी दुसऱ्या विहिरीवर जाणं बंद केलं. घरात लहान नातू होता.

मे महिन्यात त्याच पंपाचा नमुना पुन्हा घेतला. आकडा आला २.२. वाटलं, यंत्र बिघडलं असेल. प्रमाण द्रावणांनी यंत्र तपासलं, दुसरी बाटली मोजली, धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का पाहिलं. सगळं बरोबर होतं. पावसाळ्यात वरून मुरलेल्या ताज्या पाण्यानं आधीचं पाणी पातळ झालं होतं. उन्हाळ्यात पंप खालचं, खडकात जास्त काळ राहिलेलं पाणी ओढत होता. दिवाळीचा आकडा खोटा नव्हता, पण तो दिवाळीचाच होता. मी त्याला वर्षभराचा केला.

मावशींकडे जाऊन सांगितलं, "माझं चुकलं." त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "सहा महिने झाले की गं." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्यांची जुनी उथळ विहीर तपासली, तिचं पाणी मर्यादेत निघालं. त्या पुन्हा तिकडे जाऊ लागल्या, भर उन्हात डोक्यावर हंडा घेऊन. त्यानंतर मी प्रत्येक घरी दिलेल्या चिठ्ठीवर आकड्यासोबत तारीख लिहिली, आणि खाली, "उन्हाळ्यात पुन्हा तपासा."

विद्यापीठात मला उपकरणं हाताळायला शिकवलं. आपल्या आकड्यावर कोणीतरी पाणी पितं, हे त्या मावशींनी शिकवलं.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी संघ लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांची एकत्रित परीक्षा घेतो. भूविज्ञान किंवा भूरसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेले तिला बसू शकतात. खाणी आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. त्यामुळे पोट भरतं. मुलींना एक जास्तीचं सांगते: फिल्डवर जावं लागतं, उन्हात, मुक्कामी. घरच्यांशी हे आधीच बोला, लपवू नका. मी अब्बांना एकदा त्या गावाला सोबत नेलं. परतताना त्यांनी दगडांबद्दल काही विचारलं नाही. आपल्या बोअरचं पाणी कधी तपासणार, एवढंच विचारलं.

तुम्हीही आज घरी जाऊन तेच विचारा.