डोंगराच्या पायथ्याची खोली

म्हैसूरला जाणारा मराठी प्रवासी राजवाडा पाहतो, वृंदावन पाहतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. ज्याला मुक्काम करावयाचा असेल त्याने नजरबादेतील एखादी साधी खोली घ्यावी. पलंग, पाण्याची बादली आणि दैव अनुकूल असेल तर चामुंडी टेकडीकडे उघडणारी खिडकी, एवढाच तिचा थाट.

पूर्वेस थोड्या अंतरावर ललितमहाल आहे. व्हाइसरॉयच्या पाहुणचारासाठी तो १९२१ साली बांधावयास घेतला. १९७४ पासून तेथे हॉटेल झाले. इटालियन संगमरवराच्या जिन्यात सुख नाही, असे कोण म्हणेल? परंतु तेथील पाहुणा महालच पाहत बसतो. नजरबादच्या खोलीत पाहावयासारखे काहीच नसते, म्हणून माणूस पहाटेच बाहेर पडतो. दोड्ड देवराजाने सतराव्या शतकात बांधविलेल्या हजारभर पायऱ्या चढू लागतो, वाटेत अखंड पाषाणातील नंदीपाशी दम खातो आणि खाली उतरल्यावर मैलारीचा लुसलुशीत, लोण्याचा दोसा!

भव्यतेचा बेत या भागातही एकदा झाला होता. म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याच्या दगडांनी टिपू सुलतानाने येथे नवा किल्ला आरंभिला. १७९९ साली टिपू पडला, आणि तेच दगड पुन्हा म्हैसूरच्या किल्ल्याकडे वाहून नेण्यात आले.