पायांतली ताकद आणि रक्तातली साखर

(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशेब तपासले आणि गेली एकोणीस वर्षं स्वतःच्या साखरेचा हिशेब ठेवतोय. तेवढ्या अधिकारावर बोलणार आहे.

रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीसाठी मी कमिटीतल्या मुलांबरोबर घरोघर गेलो होतो. आपली बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही. वरच्या मजल्यांवरचे काही जण म्हणाले, "आता खाली येणं होत नाही हो." त्यांतले बहुतेक मधुमेही. गुडघ्यांची तक्रार नाही, पायांत जोरच नाही म्हणतात. सगळ्यांचं उत्तर एकच, वय झालं. वय आहेच, पण सगळा बोजा वयावर टाकू नका.

जेवल्यावर रक्तात येणारी साखर साठवणारं मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन हा त्या गोदामाचा किल्लीवाला. मधुमेहात किल्ली नीट चालत नाही. साखर बाहेर रक्तात फिरते आणि स्नायू उपाशी. शिवाय स्नायूंची झीज रोखणं हेही इन्सुलिनचंच काम. ते कमी पडलं की शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून खर्च भागवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत ठेव मोडून घरखर्च. आणि गोदाम लहान झालं की साखर ठेवायला जागा आणखी कमी, म्हणजे साखर आणखी वर!

यात भर आपण घालतो. मधुमेह निघाला की आधी भात बंद, मग पोळी अर्धी, आणि त्या भीतीत वरण, दूधही कमी. वजन उतरलं की शेजारी म्हणतात, "वा, छान बारीक झालात!" उतरलं काय, चरबी की स्नायू, हे कोणी विचारत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. म्हातारपणी एक ते 1.2 ग्रॅम हवीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. आता मांडा हिशेब: चहा-बिस्किट, दोन-तीन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, रात्री मऊ भात. तीस ग्रॅम जेमतेम. एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. मटकीची उसळ, पनीर, मासे, ज्याला जे चालतं ते. कवळीमुळे चावत नसेल तर मुगाचं धिरडं. साबुदाण्यात मात्र प्रथिनं नावालाच, तेव्हा चतुर्थ्या, एकादश्या मोजून पाहा. (आमच्या घरी या वाक्यावर वाद झालेला आहे.) क्रिएटिनिन वाढलेलं असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-12 एकदा तपासून घ्यावं. ते कमी झालं की थकवा येतो, पायांना मुंग्या येतात, आणि आपण सगळं साखरेच्या नावावर लिहून मोकळे होतो.

नुसतं खाऊनही भागत नाही. स्नायूला काम दिल्याशिवाय तो प्रथिनं ठेवून घेत नाही. सकाळची फेरी चांगलीच, पण जोर येतो तो वजन उचलून, उठून-बसून. घरी करून बघा: हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. शेजारी कुणीतरी उभं राहावं. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषाप्रमाणे बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद घटल्याची शंका घ्यावी. हीच उठबस रोज दहा वेळा केली की व्यायामही झाला.

एक अशक्तपणा मात्र वेगळा, ताबडतोब ओळखायचा. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवण राहिलं, की घाम, थरथर, पाय गळून जाणं, कधी असंबद्ध बोलणं. साखर 70 च्या खाली गेलेली असते. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. साखरेचा डबा आणि तपासायचं मशीन आता वॉचमनच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवलंय. खणाला कुलूप नाही, ते तसंच राहू द्या.