घरच्या मैदानावरचा पहिला सामना

पावसाळा सरत आला की आमच्या येलदरीच्या मुलांचे लक्ष दोन गोष्टींकडे लागते. एक, पूर्णा नदीवरच्या धरणात पाणी किती चढले. आणि दुसरी, कॉलेजच्या कबड्डी संघात आपल्यापैकी कोण निवडला गेला. १९६८ साली पुऱ्या झालेल्या या धरणाची चौकशी सगळा जिल्हा करतो. संघाची चौकशी मात्र पारावरच होते. आज ती इथे करू या.

हंगामाचा पहिलाच सामना आपल्या कॉलेजच्या मैदानावर असला म्हणजे गावोगावची माणसे जमतात. वडीलमाणसे हुतुतूच्या आठवणी काढतात आणि कोणीतरी हमखास म्हणतो, "मैदान घरचं आहे, निम्मा सामना जिंकलाच की!" मला हे पुरते पटत नाही. का, ते सांगतो.

मी स्वतः कॉलेजच्या संघात असताना पहिल्याच घरच्या सामन्यात चढाईला गेलो. मागून गावाने एकच गलका केला. तीन गडी कोपऱ्यात दबा धरून आहेत, हे दिसत होते. तरी लोकांसमोर मोकळ्या हाताने परत यायची लाज वाटली. आत घुसलो आणि घोट्यात सापडलो. ती पकड समोरच्या गड्यांनी केली खरी. पण मला तिथवर नेले ते माझ्याच माणसांच्या आरोळीने.

म्हणून यंदा सामना पाहायला जाल तेव्हा काही गोष्टींकडे मुद्दाम बघा. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात गड्याने निदान रेषा तरी ओलांडायची असते. गडी टिपता आला तर उत्तम. नाही तर रेषा ओलांडून सुखरूप परत येणे हेही कामच आहे. त्याला भित्रा म्हणू नका. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषेवरचा गुण मिळू शकतो. गडी कमी झाले की तो मिळत नाही. तेव्हा "बोनस घे, बोनस घे" असे ओरडण्याआधी समोरचे गडी मोजा!

दुसरे, टाळ्या चढाईला पडतात. पण सामना पुष्कळदा कोपऱ्यातले गडी राखतात. एकाने घाई केली की साखळी तुटते, एकेक गडी बाद होत जातो आणि शेवटी लोण चढून दोन जादा गुण जातात. पहिल्या सामन्यात ही साखळी नवी असते. कोण कोणाचा हात धरतो, कोण आधी झेपावतो, हे पहिल्या दहा मिनिटांत ध्यानात येईल.

तिसरी गोष्ट मैदानाची. घरच्या मैदानाचा खरा फायदा पायांना असतो. माती कुठे मऊ, कुठे घसरती, हे आपल्या पोरांना ठाऊक असते. पण हल्ली पुष्कळ ठिकाणी मॅट अंथरतात. मातीवर सराव केलेल्याचा पाय मॅटवर निराळा पडतो. मग घरचे मैदानही परके होते.

आणि आता मुद्द्याचे. परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. महाविद्यालयांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो पुढे पश्चिम विभागात इतर विद्यापीठांशी खेळतो. २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघर दिसू लागली आणि पोरांची स्वप्ने मोठी झाली. पण एस. टी.ने येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलाला आपला खेळ दाखवायला अशी ४० मिनिटेच मिळतात. ती आपल्या गोंगाटात वाया जाऊ नयेत.

चढाई करणाऱ्याचा "कबड्डी, कबड्डी" हा दम पंचाला स्पष्ट ऐकू यावा लागतो. तो तुटला असे पंचाला वाटले तर चढाई फुकट जाते. म्हणून माझे एवढेच मागणे आहे: आपला गडी मध्यरेषा ओलांडून गेला की गप्प राहा. तो परत आला, गुण घेऊन येवो की रिकाम्या हाताने, की मग हवे तेवढे ओरडा. घरचे मैदान त्याला तेव्हाच घरचे वाटेल.