स्तंभावरच्या नावांना चेहरा कोण देणार?
(हिंगोलीच्या बैठकीतलं भाषण)



आपलं हिंगोली म्हणजे जुनी छावणी. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रजाचा. पलटण आपल्याला नवी नाय. तरी लढाईचा सिनेमा लागला की पडद्यावर आपला माणूस सापडत नाही. सापडलाच तर मागं, मशाल धरून.

कोरेगाव घ्या. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री पलटण शिरूरहून निघाली. रात्रभर चाल. सकाळी भीमेकाठी समोर पेशव्याची फौज. दिवसभर लढाई. पोटात अन्न नाही, आणि नदी डोळ्यासमोर असून घसा कोरडा. कंपनीचे आठशेच्या आसपास. त्यातले 275 मेले, जखमी झाले नाहीतर बेपत्ता. सिनेमावाल्याला आणखी काय पाहिजे?

पाहिजे पैसा. घोडे, तोफा, गणवेश फुकट येत नाहीत. अन् दुसरी अडचण त्याहून मोठी: कागद साहेबाचे. कॅप्टन स्टॉन्टन कागदावर जिवंत आहे. आपला शिपाई फक्त दगडावर. स्तंभावर 49 नावं, त्यातली 22 'नाक'वाली. तो घरी काय बोलायचा, पगार कुणाच्या हातात द्यायचा, कुणीच लिहून ठेवलं नाही. मग लेखक काय करतो? साहेबाला हीरो करतो.

सोमनाथ वाघमारेनं 2017 मध्ये कोरेगाववर माहितीपट केला. घोड्यांच्या मागं लागला नाही. 1 जानेवारीला तिथं येणाऱ्या माणसांकडं कॅमेरा वळवला. बाबासाहेब 1927 ला तिथं गेले, ती वाट माणसं अजून चालतात, हे त्यानं धरलं. पुढच्याच वर्षी, 1 जानेवारी 2018 ला, त्या माणसांवर हल्ला झाला. त्यानंतर कोरेगाव हा शब्दच पोलीस ठाण्यात जाऊन बसला. अशा विषयावर कोणता शेठ थैली सोडणार? तरी निवृत्त सनदी अधिकारी रमेश थेटे यांनी अर्जुन रामपालला घेऊन मोठा सिनेमा हाती घेतला. छाती लागते त्याला.

पण माझं एक म्हणणं आहे. कंपनी काही आपली माय नव्हती. तिच्या पलटणीत इतर जातींचे, धर्मांचे शिपाईही होते. पेशव्याकडून अरब लढले. आणि ज्या इंग्रजानं स्तंभ उभारला, त्यानंच पुढं महारांना लष्कराचं दार बंद केलं. गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावा लागला. हे सगळं पडद्यावर येऊ द्या. लपवलं तर आपणही बखरकारच झालो की!

मला विचाराल तर सुरुवात रात्रीच्या चालीनं करा. अंधार, अन् नुसता पायांचा आवाज. कॅप्टन मागून दिसला तरी चालंल.